शिवण बाहेरच्या बाजूला

प्रिय भिंगरी,

फोन आपटलास ते बरंच केलंस. तुझ्या जागी मी असते तर मीही आपटला असता, वर दोन शब्द जास्तच ऐकवले असते. दिवस भरत आलेली लेक आईला म्हणते, बाळंतपणाला ये, बाळाला सगळ्यात आधी तुझ्या हातात द्यायचंय मला, आणि आई सांगते काय, तर जमणार नाही, दुकानात गणवेशांचं काम आलंय आणि गुडघा दुखतोय! नातवंडापेक्षा लोकांच्या विजारी जास्त झाल्या का तुला, असं तू विचारलंस, आणि मी मेली चक्क हो म्हणाले. तेव्हापासून तू फोन घेत नाहीस. जावईबापू घेतात, ती झोपलीय म्हणतात, आणि मागे चाललेली भांड्यांची आदळआपट मला स्पष्ट ऐकू येते. बिचाऱ्यांना खोटं बोलायला लावू नकोस, त्यांना ते मुळीच जमत नाही.

तर आता नीट बस, पाय उशीवर घे आणि वाच. माझा गुडघा ठणठणीत आहे. गणवेशांचं काम खरंच आलंय, पण आपली काजबाई ते एकटी उरकेल. मला वगळून काम करायला मिळालं तर ती उलट खूशच होईल, इतकी वर्षं काजं-बटणं करून तिला आता मालकीण व्हायची हौस आलीय. आणि माझ्या फोनचा कॅमेरा बिघडलाय असं मी गेले कितीतरी महिने सांगतेय ना, तो बिघडलेला नाही. त्याच्यावर मी चिकटपट्टी लावलीय. तू मला बघू नयेस म्हणून. बघ, एवढं वाचूनच तुझ्या भुवया वर गेल्या असतील. पत्र कशाला, फोनवर का नाही सांगत, हे तू विचारशीलच. त्याचं कारण शेवटी सांगते. आधी सांगितलं तर मधलं काही तू वाचणार नाहीस, तुला मी पुरती ओळखून आहे.

एक मात्र आधीच सांगून टाकते, म्हणजे तू उगाच धसका घ्यायला नको. मी मरायला टेकलेली नाही, आणि आपला पाहुणाही त्याच्या कोपऱ्यात गप्प आहे. पाहुणा हा शब्द तुझाच, आठवतं का? तुझे बाबा गेले, पाठोपाठ मलाही एचआयव्ही असल्याचं कळलं, आणि तुला नाही हेही कळलं. तेव्हा तू एवढीशी होतीस. डॉक्टरांनी तुला समजेल अशा भाषेत सांगितलं, की हा आता आईच्या अंगात कायमचा राहणार, पण आईनं गोळ्या वेळेवर घेतल्या तर कुणाला त्रास देणार नाही. तू विचारलंस, म्हणजे न जाणाऱ्या पाहुण्यासारखा का? डॉक्टर आधी हसले आणि मग बराच वेळ चष्मा पुसत बसले. तेव्हापासून आपल्या घरात त्या आजाराचं नाव कुणी घेतलंच नाही. पाहुण्याची गोळी घेतलीस का, एवढंच तू विचारायचीस, आणि मी घेतेपर्यंत कमरेवर हात ठेवून समोर उभी राहायचीस.

त्या दिवसाचं एक तुला माहीत नाही. रिपोर्ट घेऊन मी घरी आले ती थेट बाथरूममध्ये शिरले. नळ पूर्ण सोडला, पाण्याच्या आवाजात बाहेर काही ऐकू जात नाही म्हणून. आणि आरशासमोर उभी राहून काय काय तोंडं केली म्हणतेस! रडले, दातओठ खाल्ले, तुझ्या बाबांना शिव्या घातल्या, मग ते गेले म्हणून पुन्हा रडले. बाहेर तू दार बडवत होतीस, आई, लवकर कर, मला राहवत नाहीये. टाकीतलं पाणी संपत आलं तसं मी तोंड धुतलं आणि दार उघडलं. तू माझ्याकडे पाहिलंस सुद्धा नाही, माझ्या काखेखालून आत पळालीस, आणि नंतर हात धुवायला पाणी नाही म्हणून घर डोक्यावर घेतलंस. मला वाटलं, जमलं बाई. जे काय तोंडावर यायचं होतं ते आत सांडून आले, पोरीपर्यंत काही पोचलं नाही.

आता या वेळचं सांगते. सुरुवात खाजेनं झाली. तू गोड बातमी दिलीस त्याच सुमारास. दंड, मांड्या, पोट, जिथे तिथे नुसती खाज. मी आधी नव्या कापडाच्या खळीला दोष दिला, मग साबणाला, मग काजबाईच्या मांजराला. मांजराचं नाव काढल्यावर काजबाई चार दिवस माझ्याशी बोलली नाही. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेले तर त्यांनी खरूज म्हणून सांगितलं आणि मानेपासून पायापर्यंत लावायला औषध दिलं. त्यांना मी पाहुण्याबद्दल काही बोलले नाही, कारण त्यांची बायको आपलं गिऱ्हाईक. औषध लावलं, सगळी अंथरुणं-पांघरुणं धुतली, दुकानातले पडदे सुद्धा सोडले नाहीत. घर असं लखलखीत झालं की काय सांगू, आणि खाज होती तिथेच.

मग डाव्या हातावर फोड आला. टम्म फुगलेला, आत स्वच्छ पाणी. आता शिवणकाम करणाऱ्या बाईच्या हातावर फोड आला तर ती काय समजणार? इस्त्री लागली! आयुष्यात ती किती वेळा लागलीय त्याला गणतीच नाही. मी बर्फ लावला आणि इस्त्री चालू ठेवली म्हणून काजबाईला झापलं. आणखी एक आला तेव्हा इस्त्री दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्यानं ती उघडली, जोडली, हिला काही झालेलं नाही म्हणाला, तर मी त्याच्याशी भांडले की झालेलं नाही तर मग मला भाजतं कसं, आणि माझा दंड वर करून त्याला पुरावा दाखवला. बिचारा घाबरून म्हणाला, नवीन घ्या. मी नवीन इस्त्री घेतली, भिंगरी! आणि मग फोड मांडीवर आले, पोटावर आले, आणि माझं तोंड आपोआप बंद झालं. इस्त्री काही मी पोटावरून फिरवत नाही.

त्यानंतरचं सांगताना मला अजून कसंतरी होतं. बाळासाठी मी झबली शिवायला घेतली होती. मलमलीची, अगदी मऊ, आणि बंदाला तुझ्या आवडीची पिवळी फीत. एक झबलं पुरं करून मी ते मांडीवर पसरून बघत होते आणि हाताचा फोड त्याच्यावरच फुटला. पाण्याचा हा एवढा डाग पडला. तुला आपल्या घरचे नियम माहीतच आहेत. माझ्या सुयांचा लाल डबा वेगळा, बोटाला सुई टोचली की कापड बाजूला, रक्ताचा ठिपका दिसला की ते कापड घराबाहेर. कुणी सांगितलं होतं म्हणून नव्हे, मीच घातले होते ते नियम, भीतीनं. तर मी ते झबलं उचललं, त्याच्याबरोबर शिवून ठेवलेली बाकीची सगळी उचलली आणि मोठ्या पातेल्यात उकळत ठेवली. किती वेळ उकळली कोण जाणे. पिवळा रंग सुटला आणि सगळ्यांवर पसरला, कापड आटलं, शिवण गोळा झाली. मी तिथेच खाली बसले. मनात एकच आलं, की ज्या हातांनी झबल्याला हात लावायची सोय नाही, त्या हातांनी मी बाळाला कशी घेणार? आणि नेमका तेव्हाच तुझा फोन आला, की आई, तू येणार ना गं? मी बघू म्हणाले. तुला ते बघू लागलं, हे मला कळलं होतं.

खरं भय वेगळंच होतं. मला वाटलं गोळ्या थकल्या, पाहुणा उठला आणि आता कातडीतून बाहेर यायला लागला. असं वाटल्यावर शहाण्या माणसानं काय करावं? दवाखान्यात जावं. मी काय केलं? दवाखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यानं जायचंच सोडलं. ते ऐकायला लागू नये म्हणून. घरातल्या गोळ्या मात्र घेत होते हो, तेवढ्यात ओरडू नकोस. गोळ्या न्यायच्या दिवशी मी फिरकले नाही, तेव्हा आपली गोळीबाई, दवाखान्यातली, तीच गं, गोळ्या देताना तास तास समजावत बसते ती, एक दिवस दुकानात हजर! घागरा कमरेत ढिला झालाय म्हणे. काजबाईसमोर काही बोलली नाही. मी माप घ्यायला हात वर केले, बाही मागे सरकली, आणि तिनं जे पाहायचं ते पाहिलं. घागरा अगदी नीट बसत होता. बाहेर पायरीवर नेऊन तिनं मला अशी काही झाडली की तुझी आठवण आली.

दुसऱ्या दिवशी ती मला हाताला धरून घेऊन गेली. रक्त तपासलं. पाहुणा मोजता येणार नाही इतका कमी, आहे तिथेच, गाढ झोपलेला. मला हसावं की रडावं कळेना. मग हे आहे तरी काय? कातडीच्या विभागात पाठवलं, तर तिथल्या पोरसवदा डॉक्टरांनी माझ्या कागदांचं पहिलं पान वाचलं, वर बघितलं सुद्धा नाही आणि म्हणाले की या आजारात असं काही ना काही होतंच. मी उठून निघालेच होते. पण त्यांची वरची डॉक्टरीण आली, जाड भिंगांचा चष्मा घालणारी, आणि तिनं मला खिडकीपाशी नेऊन प्रत्येक फोड बघितला. हळूच बोटानं दाबून बघितला. किती महिन्यांनी कुणी तरी माझ्या कातडीला बोट लावलं होतं गं. मग तिनं फोडाच्या कडेचा कातडीचा बारीकसा तुकडा तपासायला काढला, आणि बधिर केलेलं असूनही मी ओरडेन की काय म्हणून सारखी माझ्याशी बोलत राहिली, कपड्यांचे भाव विचारत राहिली.

त्या तुकड्याचा फोटो तिनं मला दाखवला. सगळं काळं, आणि त्यात एक बारीक हिरवी रेघ, चकाकणारी, सलग. अस्तराला टीप घालतो ना आपण, अगदी तशी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की कातडीचे दोन पदर असतात आणि ते एकमेकांना धरून असतात, जिथे धरलेलं असतं तीच ही जागा. अंगात रोगाशी लढणारे राखणदार असतात. पाहुण्यानं एकेकाळी ते पार कमी करून टाकले होते, गोळ्यांनी ते परत उभे राहिले, आणि आता त्यातल्या काहींना स्वतःच्याच कातडीचा सांधा परका वाटायला लागला. ते तो उसवतायत, आणि उसवलेल्या जागी पाणी भरतं, तोच फोड. मी म्हटलं, म्हणजे टीप उसवली आणि अस्तर सुटलं, तर त्या म्हणाल्या, तसंच समजा. असं का झालं, ते त्यांनी खरं खरं सांगितलं की नक्की माहीत नाही. पाहुणा नसलेल्यांनाही होतं, आणि पाहुणा असलेल्यांच्या राखणदारांची कधी कधी अशी मती फिरते. पेम्फिगॉइड असं काहीतरी त्याचं नाव आहे. काजबाईला मी ते दोनदा सांगितलं, ती म्हणते पावडरचं नाव वाटतं. आणि भिंगरी, हे कुणाचं कुणाला लागत नाही. फोडातल्या त्या पाण्यानं झबल्याला काही झालं नव्हतं. सगळी झबली मी फुकट उकळली.

पण घोडं पेंड खात होतं ते पुढेच. राखणदारांना शांत करायचं तर औषध त्यांना गुंगी आणणारं, आणि ते झोपले तर पाहुणा जागा व्हायचा. डॉक्टरीणबाईंनी माझ्यासमोरच पाहुण्याच्या डॉक्टरांना फोन लावला आणि दोघं माझ्या अंगावरून असे भांडले की मला माझा लिलाव चाललाय असं वाटायला लागलं. शेवटी ठरलं. भारी औषध पोटातून कमीत कमी द्यायचं, आणि जोरदार मलम सगळ्या अंगाला लावायचं. पाहुण्याच्या गोळ्यांपैकी एक बदलली, कारण तिच्यामुळे मलमातलं औषध अंगात साठत गेलं असतं. आता नवे फोड यायचे थांबलेत. जुन्यांच्या जागी काळे, गुलाबी, पांढरे चट्टे आहेत, पाठ अजून थोडी ओली आहे. औषध बरेच महिने चालणार आहे, आणि मध्येच पुन्हा उठलं तर घाबरायचं नाही असं मला बजावून सांगितलंय.

गंमत सांगते. ओल्या कातडीला आतली शिवण अशी काचते की जीव नको होतो. म्हणून मी स्वतःसाठी गाऊन शिवले ते शिवण बाहेरच्या बाजूला घेऊन. आत सगळं गुळगुळीत, बाहेर दोरे आणि कडा. पहिल्यांदा तो घालून दवाखान्यात गेले तर तिथल्या कडक सिस्टरनं मला पडद्यामागे पिटाळलं, आधी कपडे सुलट घालून या म्हणून. मी तिला भिऊन खरंच उलटा करून आले, आणि तासभर काचत बसले. पुढच्या वेळी समजावून सांगितलं, तर आता तिनं वॉर्डातल्या एका आजोबांसाठी तसाच सदरा शिवून मागितलाय. रस्त्यात मात्र रोज कुणी ना कुणी कानाशी येऊन सांगतं, बाई, उलटं घातलंय तुम्ही. मी म्हणते, हो, घाईत राहिलं.

पाठीला मलम कसं लावत होते विचार. लाकडी फूटपट्टीला चिंधी गुंडाळून! आरशाकडे पाठ करायची, मान वळवायची, आणि भिंत रंगवतात तशी पट्टी फिरवायची. निम्मं मलम पडद्याला लागायचं. एक दिवस काजबाईनं कपडे बदलायच्या खोलीचा पडदा सरकवला आणि मला तशी पाहिली. मी तिला म्हटलं, थांब, पुढे येऊ नकोस, आधी ऐक, आणि पाहुण्याचं सगळं सांगून टाकलं. इतकी वर्षं शेजारी बसून शिवलं, पण तिला मी ते कधी सांगितलं नव्हतं. ती शांतपणे म्हणाली, की रोज संध्याकाळी ह्याच पडद्यामागे जाऊन तू गोळी गिळतेस, मला काय डोळे नाहीत? तुझ्या गोळीची वेळ झाली की मी मुद्दाम मशीन जोरात चालवते, तुला वाटावं मला कळत नाही म्हणून. आणि माझ्या हातातली पट्टी हिसकावून घेतली. मलम लावणाऱ्याच्या हाताला लागू नये म्हणून हातमोजे घालायला सांगितलेत, ते तिनं घातले, पण त्याच्या आधी उघडा तळवा माझ्या मानेखाली, जिथे चांगली जागा होती तिथे, ठेवला आणि तसाच राहू दिला. आता रोज तीच लावते. लावताना गणवेशांचे हिशेब आणि मांजराची कौतुकं ऐकावी लागतात, पण ते चालायचंच.

आता तू म्हणशील, सगळं छान झालं तर मग गेल्या आठवड्यात मला नाही का म्हणालीस? डॉक्टरीणबाईंना मी विचारलं होतं. नुसतं विचारलं नाही, त्या आणि पाहुण्याचे डॉक्टर, दोघांकडून वेगवेगळं वदवून घेतलं. बाळाला घेतलं, अंघोळ घातली, छातीशी धरून झोपवलं तरी पाहुणाही जात नाही आणि हेही जात नाही. हाताचं मलम धुऊन टाकायचं, वर मऊ लांब बाहीचं घालायचं, आणि घरात कुणी शिंकत असेल तर मीच लांब राहायचं, कारण जपायचं मला आहे, बाळाला माझ्यापासून नव्हे. एवढं सगळं पदरात पाडून घरी आले, तुला फोन करणार होते, तेवढ्यात दुकानात एक नेहमीची बाई आली. किती वर्षं मी तिचे कपडे शिवतेय, तिचं माप मला पाठ आहे. मी टेप तिच्या खांद्यावर टाकली आणि बाही सरकली. ती हसत होती, हसतच राहिली, पण पाय मागे गेले तिचे. तोंड पुढे आणि पाय मागे. उद्या येते म्हणाली आणि गेली. त्याच संध्याकाळी तू फोन केलास, आणि माझ्या तोंडून गुडघा निघाला.

तुला तो टॉवेल आठवतो का गं? बाबा गेल्यावर आत्या आपल्याकडे राहायला आली होती. तिनं माझा टॉवेल वेगळा केला, दाराच्या मागे खिळ्यावर टांगला, आणि तुला बजावलं की ह्याला हात लावायचा नाही. वाईट नव्हती ती, तिला भीती वाटत होती, तुझ्यासाठीच. तू शाळेतून आलीस, चिखलानं माखलेली, आणि सरळ तो खिळ्यावरचा टॉवेल ओढून तोंड पुसलंस, कान पुसले, मान पुसलीस, आणि आत्याकडे बघत बघत नाक सुद्धा शिंकरलंस त्यात! मी रागवायला हवं होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदराचा बोळा कोंबून हसले आणि रडले. त्या दिवसापासून आजपर्यंत, किती जणांची तोंडं मला बघून बदललेली मी पाहिली, डॉक्टरांची, नातेवाइकांची, गिऱ्हाइकांची, पण तुझं एकदाही नाही. एकदाही नाही, भिंगरी. माझ्याजवळ जे काही आहे ना, त्यात सगळ्यात मोलाचं ते आहे.

म्हणून हे पत्र. मला बाळाची भीती वाटत नाहीये, आजाराचीही नाही. मला भीती वाटतेय ती दारातल्या त्या एका क्षणाची. तू दार उघडणार, मी उभी असणार, औषधांनी सुजलेलं तोंड, हातांवर चट्टे, उलटा गाऊन, आणि तुझं तोंड घटकाभर का होईना, बदलणार. त्यात तुझा काही दोष नसेल, मी स्वतः आरशात बघून अजून दचकते. पण तेवढं मला सोसायचं नाही. बाकी सगळं सोसेन, ते नाही. पत्राबरोबरच्या पुडक्यात नवी झबली आहेत, सगळी शिवण बाहेरच्या बाजूला घेऊन शिवलेली. तुझी पण मी अशीच शिवली होती, कोवळ्या कातडीला काचू नये म्हणून. एक उकळलेलं पिवळं झबलं पण ठेवलंय, ते बाहुलीला होईल. आणि तळाशी एक बंद पाकीट आहे. त्यात काजबाईनं काढलेले माझे फोटो आहेत, हातांचे, पाठीचे, तोंडाचे, काही झाकलेलं नाही. ते घे आणि बाथरूममध्ये जा. जावईबापूंना आत घेऊ नकोस. नळ पूर्ण सोड आणि मग पाकीट उघड. दचकायचं ते दचक, तोंड वाकडं करायचं ते कर, महिनोन्महिने लपवलं म्हणून मला हव्या तेवढ्या शिव्या घाल, रड, टाकी रिकामी झाली तरी चालेल. मग तोंड धू. माझं तिकीट काढून झालंय, पुढच्या रविवारी सकाळी मी तुझ्या दारात असेन. या वेळी आत तू आहेस आणि दार बडवणारी मी आहे. लवकर कर गं, मला राहवत नाहीये.

तुझीच, दाराबाहेर उभी असलेली,
आई